दारिएन्झोंचा ठेका पायांत बसत नाही

प्रश्न : टँगो शिकतेय. हुआन दारिएन्झोंच्या वाद्यवृंदावर पावलं हमखास चुकतात. लय फार जलद आहे का?

उत्तर : लयीपेक्षा पियानो चकवतो. ब्वेनोस आयरेसच्या या व्हायोलिनवादकाकडे (१९००–१९७६) पियानोवादक रोदोल्फो बियाजी १९३५च्या अखेरीस आले. सुरावटीची ओळ संपताना बाकीची वाद्यं थांबली, की त्या मोकळ्या जागेत ते तुटक, टोकदार सूर पेरत. काय बहार आहे त्यात! पण नवखे प्रत्येक सुरावर पाऊल टाकू पाहतात आणि तोल जातो. आधी फक्त ठळक ठोक्यांवर चाला, ओळीला आठ. पाऊल आखूड ठेवा. ते पक्कं झाल्यावरच दुप्पट पावलं, तीही ओळीत एकदाच. सरावाला दारिएन्झोंनी १९३७मध्ये ध्वनिमुद्रित केलेली ‘ला कुम्पार्सीता’ ही टँगोची धून घ्या; पियानोवर बियाजीच आहेत. १९३८मध्ये त्यांनी वाद्यवृंद सोडला, पियानोवर हुआन पोलितो आले, ठेका तसाच करकरीत राहिला.