‘मी बोलतो’ की ‘तो बोलला’? स्पॅनिश क्रियापदांतला आघात

तुम्ही विचारलंय की ‘मी बोलतो’ आणि ‘तो बोलला’ दोन्ही ‘आब्लो’च ऐकू येतं, मग ओळखायचं कसं आणि अक्षरं कुठे तोडायची.

सगळा फरक जोराचा आहे. ‘आ’वर जोर दिला तर मी बोलतो, ‘ब्लो’वर दिला तर तो बोलला. लिहिताना त्या दुसऱ्या रूपातल्या ‘ओ’वर छोटी तिरकी रेघ येते. मराठीत आपण शेवटचा स्वर सहज लांबवतो, तिथेच गडबड होते. सेव्हियात एका कॅफेत मी ‘पागो’ म्हणाले. मला म्हणायचं होतं ‘मी पैसे देते’, पण ‘गो’ ताणला गेला. वेटरने लगेच विचारलं, ‘कोणी दिले?’ तेव्हापासून रूपं पाठ करताना मी जोराच्या अक्षराला टेबलावर टिचकी मारते.

नियम छोटा आहे. शब्दाच्या शेवटी स्वर, न किंवा स असेल तर जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर (आ-ब्ला-मोस), नाहीतर शेवटच्यावर (आ-ब्लार). याच्या बाहेर गेलं की रेघ.

तोडताना ‘ब्ल’, ‘त्र’ अशा जोड्या फोडायच्या नाहीत; ‘आब्-लो’ नव्हे, ‘आ-ब्लो’. ‘न्त’सारख्या जोडीतला ‘न’ मात्र मागच्या अक्षराला चिकटतो, म्हणून वहीत ‘कान्तो’ऐवजी ‘कांतो’ लिहा, तोड आपोआप दिसेल: कां-तो.

इ आणि उ हलके स्वर. ते आ, ए, ओ यांच्या शेजारी आले की एकाच अक्षरात विरघळतात: कां-ब्या, म्हणजे तो बदलतो. पण इ-वर रेघ असेल तर ती सुटी होते: एं-बी-आ, तो पाठवतो, को-मी-आ, तो खात असे.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. ‘पेंसार’ म्हणजे विचार करणं. ‘मी विचार करतो’ होतं ‘प्येंसो’, पण ‘आम्ही’साठी पुन्हा ‘पेंसामोस’. असं का? धातूतल्या ए-वर जोर पडला की त्याचा ‘ये’ होतो. जोर पुढे सरकला की ए तसाच राहतो. ‘कोंतार’ (मोजणं) मधल्या ओ-चंही तसंच: क्वेंतो, पण कोंतामोस. म्हणून ही रूपं अनियमित समजून वेगळी घोकू नका, आधी जोर कुठे आहे ते बघा. माद्रिदमध्ये ‘तू विचार करतोस’ला ‘तू प्येंसास’ म्हणतात. ब्युनोस आयर्समध्ये ‘वोस पेंसास’ ऐकाल (‘वोस’ म्हणजे तिथलं ‘तू’): तिथे जोर शेवटच्या ‘सास’वर असतो, म्हणून ‘ये’ नाही.