दहा हजार मिलिमीटरचं जॅकेट आणि आतून भिजलेला माणूस

पाऊस जवळ आला की ट्रेकिंगच्या या सदराला येणाऱ्या पत्रांत "कुठे जाऊ" कमी आणि "काय घेऊ" जास्त असतं. या वेळी तर जवळपास सगळीच पत्रं खरेदीची आहेत. जी उत्तरं लांबली ती लांबू दिलीत.

दादा, नऊ हजार घालून नवीन रेन जॅकेट घेतलं. टॅगवर १०,००० मिलिमीटर वॉटरप्रूफ आणि ब्रीदेबल असं छापलंय. पहिल्याच ट्रेकला राजमाचीला गेलो तर आतला टीशर्ट पिळून पाणी निघालं. दुकानदार म्हणतो जॅकेटमध्ये काही फॉल्ट नाही. मला फसवलं का?
— एक वाचक, डोंबिवली

फसवलं नाही रे, आणि दुकानदारही खोटं बोलत नाहीये, गंमत तीच आहे. ते १०,००० मिलिमीटर म्हणजे कापडावर उभी नळी धरून तिच्यात पाणी भरत गेले, तर साधारण दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ होईपर्यंत कापड गळलं नाही. म्हणजे बाहेरचं पाणी आत येणार नाही एवढंच तो आकडा सांगतो, आतला घाम बाहेर जाईल का याचा त्याच्याशी काही संबंध नाही. त्याचा आकडा वेगळा असतो, चोवीस तासांत एका चौरस मीटर कापडातून किती ग्रॅम वाफ बाहेर पडते त्याचा, आणि टॅगवर तो शोधायला भिंग लागतं.

आता मेन झोल. जॅकेटच्या पापुद्र्यातून वाफ बाहेर जाते कारण आत दमट असतं आणि बाहेर कोरडं, या फरकावर सगळा खेळ चालतो. युरोपातल्या थंड कोरड्या हवेत तो फरक भरपूर मिळतो, पण जुलैमध्ये राजमाचीच्या वाटेवर ढगातच चालत असतोस तेव्हा बाहेरची हवाच पाण्याने टम्म भरलेली, आत तू चढ चढून इंजिनसारखा तापलेला, मग ती वाफ जाणार कुठे, आतच थंड होऊन टीशर्टवर बसते. त्यात जॅकेटच्या बाहेरच्या कापडावर पाणी मोत्यासारखं घरंगळावं म्हणून जो लेप असतो तो वापरून, मळून उतरतो, मग कापड ओलं होऊन अंगाला चिकटतं आणि उरलीसुरली वाटही बंद. (हा लेप पुन्हा जागा करता येतो, जॅकेट नीट धुऊन लेबलवर सांगितलं असेल तेवढी हलकी उष्णता द्यायची. पण लेबल वाचल्याशिवाय इस्त्री फिरवू नकोस, एका मित्राने फिरवली होती, आता त्याच्या जॅकेटच्या पाठीवर इस्त्रीचा त्रिकोण आहे.)

आपल्याकडे मावळात, कोकणात लावणीला माणसं इरलं घालायची ते बघितलंयस का? डोक्यावरून पाठीवर उतरणारं, खालून आणि पुढून उघडं. पाऊस पाठीवरून वाहून जातो आणि वारा आतून खेळतो, ब्रीदेबल म्हणजे अजून वेगळं काय असतं? म्हणून सह्याद्रीच्या पावसात मी अजूनही ढगळा पोंचो घालतो, सॅकसकट झाकणारा, आत पटकन वाळणारा टीशर्ट, आणि भिजणार हे धरूनच निघतो. कोरडं ठेवायचं ते कपड्यांचा एक जोड आणि मोबाइल, सॅकच्या आत मोठी कचऱ्याची पिशवी घालून तिच्यात. सॅकच्या बाहेरचं कव्हर पाठीकडून पाणी आत घेतंच, त्यावर विसंबू नकोस.

जॅकेट वाया गेलं असं मात्र नाही. चढताना बॅगेत ठेव, माथ्यावर थांबलास आणि ओल्या अंगावर वारा आला की घाल, कारण दात वाजायला हिमालयच लागतो असं नाही. काखेत चेन असेल तर चालताना उघडी ठेवायची. आणि पुढेमागे उत्तराखंडला गेलास की हेच जॅकेट पैसे वसूल करून देईल.

मुलगा मित्रांबरोबर रात्री कळसूबाई चढणार आहे, सूर्योदय बघायला. ऑनलाइन ५०,००० ल्युमेनचा हेडलॅम्प ६९९ रुपयांत दिसतोय. घेऊ का?
— एक आई, सांगली

ताई, नका घेऊ. ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप, आणि ५०,००० ल्युमेन कपाळावर बांधायला निघालात तर आधी त्या उष्णतेचं काय करायचं ते बघावं लागेल, एवढ्याशा डबीत ते होत नाही, आकडा नुसता छापलेला असतो. शिड्या आणि पायवाटेला खरे २००-३०० ल्युमेन भरपूर होतात. खोक्यावर एफएल १ असं मानक लिहिलंय का बघा, त्यात उजेड किती, किती लांब जातो, किती तास चालतो हे ठरलेल्या पद्धतीने मोजलेलं असतं. पण तिथेही एक मेख आहे, "४० तास" म्हणजे उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचे तास. शेवटचे कितीतरी तास देवघरातल्या समईएवढाच उजेड असतो.

दोन गोष्टी त्याला सांगा. धुक्यात कपाळावरचा दिवा उलटा डोळ्यावर येतो, समोर नुसती पांढरी भिंत दिसते, तेव्हा हेडलॅम्प काढून कमरेजवळ हातात धरायचा, लगेच वाट दिसायला लागते. दुसरं, सॅकमध्ये बटण दाबलं जाऊन बॅटरी संपते, म्हणून सेलवाला असेल तर निघेपर्यंत एक सेल उलटा घालून ठेवायचा. आणि मे-जूनमध्ये भंडारदऱ्याकडे काजवे बघायला गेला तर पांढरा दिवा बंदच ठेवायला सांगा, लाल मोड असतो तो कशाला असतो.

आम्ही दोघं डिसेंबरमध्ये येतोय, हरिश्चंद्रगड आणि नाणेघाट करायचाय. इथे हायकिंगला जाताना सॅटेलाइट मेसेंजर नेतो, बटण दाबलं की एसओएस जातो. सह्याद्रीत नेटवर्क नसतं म्हणून तो घेऊन येऊ का? अजून काय आणू?
— एक वाचक जोडपं, न्यू जर्सी

नका आणू. हे ठळक अक्षरांत लिहायला संपादकांना सांगितलंय. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा असा मेसेंजर बाळगणं गुन्हा आहे, १८८५ आणि १९३३ च्या तारायंत्र-बिनतारी कायद्यांपासून चालत आलेलं बंधन आहे ते. डिसेंबर २०२४ मध्ये कॅनडाच्या एका धावपटू बाईंना गोव्याच्या विमानतळावर याच कारणासाठी अडवलं होतं, त्यांच्या सामानात तुमच्याकडे दुकानात सहज मिळणारा छोटा मेसेंजर होता. "मला माहीत नव्हतं" हे तिथे चालत नाही. आयफोनमधली सॅटेलाइट एसओएसची सोयही इथे चालू नाही, त्यामुळे तिच्या भरवशावर येऊ नका.

जीपीएसचं घड्याळ मात्र बिनधास्त आणा. फरक साधा आहे, जीपीएस नुसतं ऐकतं, उपग्रहाकडे काही पाठवत नाही, बंदी पाठवणाऱ्या यंत्राला आहे. हल्ली काही नव्या घड्याळांत सॅटेलाइट मेसेजिंगपण यायला लागलंय, तुमचं त्यातलं नाही ना तेवढं बघून घ्या. तसं घड्याळही लागतंच असं नाही, फोनमध्ये ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ओएसएमअँड हे नकाशाचं ॲप टाकून महाराष्ट्राचा नकाशा घरीच उतरवून घ्या, फोन फ्लाइट मोडवर टाकला तरी जीपीएस चालतं आणि बॅटरी वाचते, कारण बॅटरी खाते ती नेटवर्कची शोधाशोध. सांदण दरीसारख्या घळीत मात्र तो निळा ठिपका भिंतीतून चालताना दिसेल, सिग्नल कड्यांवर आपटून येतो म्हणून, तिथे ठिपक्यापेक्षा गाववाल्या वाटाड्याचं ऐका.

पॉवर बँक विमानात केबिन बॅगेतच, १०० वॉट-अवरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. १०,००० एमएएच म्हणजे ३७ वॉट-अवर, २०,००० म्हणजे ७४, दोन्ही बसतात. फोनमध्ये त्यातलं साठ-पासष्ट टक्केच पोचतं, सेल ३.७ व्होल्टचा आणि बाहेर ५ व्होल्ट द्यायचे, त्यात गळती होते, तेव्हा "दोनदा चार्ज होईल म्हणाले आणि दीडदाच झाला" म्हणून भांडायला जाऊ नका.

आणि एसओएसचं म्हणाल तर शिट्टी आणा, खरंच. मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट थांबायचं, परत सहा. ऐकणारा तीनदा वाजवून उत्तर देतो. घसा बसतो, शिट्टी बसत नाही. रेंजचा एखादा दांडा मिळाला तर ११२ हा मदतीचा नंबर लावा. आणि निघण्याआधी पायथ्याच्या गावात ज्यांच्याकडे चहा घ्याल त्यांना कुठून चढून कुठे उतरणार ते सांगून जा, शोधायची वेळ आली तर सगळ्यात आधी तीच माणसं निघतात.

आम्ही पाच मित्र धबधब्यावर रॅपलिंग करणार आहोत. रोप हार्डवेअरच्या दुकानात स्वस्त मिळतोय, कॅराबिनर ऑनलाइन मागवलेत, व्हिडिओ बघून गाठी शिकलोय. अजून काय लागेल?
— एक वाचक, नाशिक

अजून काही लागणार नाही, कारण तुम्ही जाणार नाही आहात.

रागावू नकोस, पण रॅपलिंग म्हणजे दोराला लटकून कड्यावरून उतरणं, आणि दुकानातला नायलॉनचा दोर टेम्पोवर माल बांधायला असतो. रॅपलिंगचा दोर म्हणजे आत पीळदार गाभा आणि वर विणलेलं आवरण, कमी ताणणारा, त्यावर ईएन १८९१ असं युरोपियन मानक लिहिलेलं असतं. चढाई करताना पडलास तर झटका खाणारा, ताणला जाणारा दोर वेगळा, तो ईएन ८९२. चांगल्या कॅराबिनरवर, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कडीवर, २२ केएन (किलोन्यूटन) वगैरे कोरलेलं असतं, म्हणजे लांबीच्या दिशेने सव्वादोन हजार किलोच्या आसपास ओढ सहन करेल, पण त्याचंच गेट, म्हणजे उघडझाप होणारी दांडी, उघडं राहिलं तर ताकद निम्म्याच्याही खाली येते. आणि तुझ्या ऑनलाइन कॅराबिनरवर आकडा कोरलेला असला तरी तो कोणी तपासला ते माहीत नसेल तर त्याला किल्ल्या अडकव. सेकंडहँड दोर कधीच नाही, तो किती उन्हात पडला, कुठे घासला हे त्यालाच माहीत.

धबधब्याचं तर वेगळंच. पाणी तोंडावर येतं, वरच्याची हाक खाली ऐकू येत नाही, ओली गाठ आवळून बसते, आणि मध्येच अडकलेला माणूस पाण्याच्या धारेखाली लटकत राहतो. वर दुसरी सेफ्टी लाइन कोण सोडणार, याचं उत्तर व्हिडिओत नसतं. आधी एखाद्या गिर्यारोहण संस्थेबरोबर कोरड्या कातळावर शिका, किंवा सुट्टी काढता येत असेल तर उत्तरकाशीच्या एनआयएमचा (नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनियरिंग) २८ दिवसांचा बेसिक कोर्स कर. पैसे देऊन कोणाबरोबर जाणार असाल तर त्याची नोंदणी विचारा, महाराष्ट्राचं साहसी पर्यटनाचं धोरण २०२१ पासून आहे, विचारायला लाजू नका.

माझे महागाचे ट्रेकिंग शूज सहा वर्षं कपाटात खोक्यात जपून ठेवले होते, फार तर चार वेळा घातले असतील. परवा काढले तर दोन्ही सोल हातात आले. असं कसं?
— निवृत्त वाचक, ठाणे

काका, जपून ठेवले म्हणूनच. सोलच्या वरचा मऊ थर पॉलियुरेथेनचा असेल तर हवेतल्या ओलाव्याने तो आतून कुजतो, वापरा न वापरा, आणि ठाण्याच्या दमट हवेत बंद खोक्यात तर मजेत कुजतो. माझा हाच प्रकार रतनगड उतरताना झालाय. आधी डाव्या टाचेखाली पचपच आवाज यायला लागला, वाटलं चिखल, पाय उचलला तर सोल मगरीच्या जबड्यासारखा उघडला आणि आतून ओल्या बिस्किटाचा असतो तसा पिवळसर भुगा पडला. दहा मिनिटांत उजवाही गेला. सुतळी होती म्हणून पायाला गुंडाळून खाली आलो, तेव्हापासून पाण्याच्या बाटलीला दोन-तीन मीटर चिकटपट्टी गुंडाळलेली असते.

दर ट्रेकच्या आठवडाभर आधी अंगठ्याने तो थर दाबून बघा, बारीक तडा किंवा भुगा दिसला तर ते शूज गेले. नवीन घेताना ईव्हीए नावाच्या फोमचा थर आहे का विचारा, तो दबतो पण असा कुजत नाही. संध्याकाळी जा, जाड मोजे घालून, आणि बुटाचं टोक भिंतीवर हलकेच आपटून बघा, बोटं टेकली तर उतरताना नखं काळी होणार. वॉटरप्रूफ शूज पावसाळ्यासाठी नकोत, पाणी वरून शिरतं आणि मग बाहेर पडत नाही, दिवसभर पायात दोन बादल्या घेऊन चालायचं. आणि शेवाळावर कुठलाच सोल धरत नाही, त्यावर व्हिब्रमचा पिवळा शिक्का असला तरी. आमच्या पिढीने ॲक्शन ट्रेकिंगच्या स्वस्त बुटांवर अख्खा सह्याद्री पालथा घातलाय, कातळावर ते अजूनही भल्याभल्यांना ऐकत नाहीत.

कार्बनची काठी घेऊ की ॲल्युमिनियमची?
— एक वाचक, कोल्हापूर

ॲल्युमिनियम. दगडात अडकली तर वाकते, कार्बन सरळ तुटते. पिळून घट्ट करायच्या लॉकपेक्षा खटकादाबीचं घे, चिखल गेला तरी चालतं. शिडी किंवा कातळटप्पा आला की काठी आधी सॅकला बांधायची, मनगटाला लटकवून चढलास तर खालच्याच्या डोक्यात बसते. आणि बजेट नसेल तर वेळूची काठी काय वाईट आहे, शिडीखाली ठेवून जा, येताना तिथेच असते, नेलीच कोणी तर पायथ्याच्या गावात दुसरी मिळेल.