प्राध्यापक व्हायचंय? मग आधी डिपार्टमेंट नीट बघ

तू लिहिलंयस की पीएचडी संपत आलीये, शिकवायला मनापासून आवडतं, पण तुझ्या गाईड मॅडम मध्यरात्री ईमेलला उत्तरं देतात, सारख्या चिडतात, आणि घरचे म्हणतात दोन लेक्चर घेतली की मोकळं, यापेक्षा आरामाची नोकरी कुठली! तर खरं काय.

अगं, घरच्यांना लेक्चर तेवढं दिसतं. तयारी, पेपर तपासणं, मीटिंगा, रिपोर्ट, स्वतःचा रिसर्च हे सगळं त्याच दिवसात कोंबायचं असतं हे बाहेरून कळत नाही. पण नुसते तास मोजूनही अंदाज येणार नाही तुला. कामाच्या ताणाचा अभ्यास करणाऱ्या रॉबर्ट करासेक यांनी १९७९ मध्येच मांडलंय की कामाचा बोजा भरपूर आणि आपल्या हातात काहीच नाही, असं झालं की माणूस पिळून निघतो, बोजा तेवढाच पण काय कधी कसं करायचं हे बऱ्यापैकी आपण ठरवत असू तर त्याच कामात माणूस शिकत जातो. सिलॅबस वरून, टाइमटेबल वरून, त्यात आयत्या वेळी कुणाचा तरी कोर्स गळ्यात, हे आलं की आवड असलेले लोकही वैतागतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये बर्नआउट, म्हणजे कामाने पार थकून मन उडून जाणं, हा आजार नाही, कामाच्या जागेवरचा ताण नीट हाताळला न गेल्याने होणारी गोष्ट आहे असं म्हटलंय, त्यामुळे मॅडमना कुणी मेडिटेशन करा म्हणून सांगत असेल तर तेवढ्याने भागणार नाही.

आणि कामावर परिणाम कुठे दिसतो माहितीये? लेक्चरमध्ये नाही, ते जुन्या नोट्सवर निभावून जातं. आधी मार बसतो असाइनमेंटना. टर्मच्या सुरुवातीला समासात लिहिलेलं असतं 'हा मुद्दा वर घे, पुरावा कुठेय', आणि शेवटी शेवटी नुसती टिक आणि मार्क. मुलांना वाटतं सरांना इंटरेस्ट नाही.

कॉन्ट्रॅक्टचं तर वेगळंच. पुढच्या टर्मला आपण असू की नाही माहीत नसेल तर नवा कोर्स कोण कशाला उभा करेल, आणि मीटिंगमध्ये विरोधात बोलेल कोण? उच्च शिक्षणातल्या शिक्षकांबद्दलच्या युनेस्कोच्या १९९७ च्या शिफारशीत नोकरीची शाश्वती हे शैक्षणिक स्वातंत्र्याचं संरक्षण मानलंय ते उगाच नाही. माझं मत विचारशील तर पगार थोडा कमी चालेल पण दर टर्मला रिन्यू होणारं पद नाईलाज असल्याशिवाय घेऊ नकोस.

ऑफर आली की हेडला नाही, तिथल्या सगळ्यात ज्युनियर माणसाला फोन कर. मागच्या टर्मचे किती कोर्स याही टर्मला तुमच्याकडेच आहेत, रिसर्चसाठी ठरलेला दिवस खरंच मोकळा मिळतो का, तुमच्या आधी या जागेवर कोण होतं आणि का सोडलं, एवढं विचार. शेवटच्या प्रश्नावर समोरचा विषय बदलायला लागला तर सही करायची घाई नको.