घरच्या फाटकासाठी वेल्डिंग मशीन

प्रश्न : ४० मिमी चौकोनी, २ मिमी जाडीच्या पाइपांचे फाटक व पडवीचा सांगाडा मी घरीच करणार आहे. जुने ट्रान्सफॉर्मरचे मशीन स्वस्तात मिळते आहे. घरात सिंगल फेज जोडणी आहे. काय घ्यावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : जुने मशीन घेऊ नये. ते वजनाने जड असतेच, शिवाय तेवढ्याच कामासाठी इन्व्हर्टर मशीनपेक्षा (इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणाऱ्या हलक्या वेल्डिंग मशीनपेक्षा) बराच जास्त प्रवाह ओढते. आपल्या कामाला २०० अँपिअरचे सिंगल फेज इन्व्हर्टर मशीन पुरेसे आहे, कारण या पाइपांना २.५ मिमीची ६०१३ प्रकारची वेल्डिंग रॉड साधारण ६० ते ७५ अँपिअरवर नीट चालते आणि त्याहून प्रवाह वाढवल्यास पाइपाला भोक पडते.

खरी काळजी वायरिंगची घ्यावी. मीटरच्या बोर्डापासून ४ चौरस मिमीची तांब्याची स्वतंत्र लाइन, योग्य एमसीबी (प्रवाह जास्त झाल्यास आपोआप बंद होणारा स्विच) आणि पक्के अर्थिंग परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. मंजूर भार कमी असल्यास आधी महावितरणकडे अर्ज करावा. एक्स्टेंशन वापरावीच लागली, तर तिची गुंडाळी पूर्ण सोडावी, अन्यथा वायर तापून वितळते. संध्याकाळी विजेचा दाब (व्होल्टेज) उतरत असेल तर काम सकाळी उरकावे. पावसाळ्यात रॉड हवाबंद डब्यात ठेवाव्यात, आणि जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले) पाइप असल्यास सांध्यालगतचा जस्ताचा थर आधी घासून काढावा, कारण त्याचा धूर छातीत गेल्यास ताप भरतो.