अण्णांना विचारा : जत्रेतली सुपारी आणि पावसाळा

प्रश्न : अण्णा, नमस्कार. माझा मुलगा २३ वर्षांचा आहे. विट्यात एका दुकानात हिशेब बघतो. आपल्या भागातल्या बोलीत गमतीची गाणी रचतो आणि म्हणतो. एक गाणं मोबाईलवर लई फिरलं, आता जत्रांची बोलावणी यायला लागली. नोकरी सोडतो म्हणतोय. यात पोट भरतं का? आणि अशा पोराला मुलगी कोण देणार?
– एक आई, ता. खानापूर, जि. सांगली

उत्तर : ताई, पोट भरतं, पण बारा महिने भरत नाही. दसरा झाला की बोलावणी सुरू होतात. पौषात पालीचा खंडोबा, मग चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा. तेव्हा एका रात्रीसाठी दोन-दोन गावं मागं लागतात. मिरगाचा पाऊस पडला की ढोलकी फडक्यात गुंडाळून माळ्यावर. मग गणपतीपर्यंत कुणी चहालासुद्धा विचारत नाही. मी त्या दिवसांत आल्याच्या गाड्या भरायला जायचो. तुमचा पोरगा काय करणार, ते त्याला आत्ताच विचारा. दुकानदार हंगामापुरती रजा देत असेल तर नोकरी सोडायचं कारणच नाही.

सुपारी, म्हणजे कार्यक्रमाचं बोलावणं, घेताना निम्मा इसार आधी, गाडीत बसायच्या आत. राहिलेले पैसे कार्यक्रम उभा राहण्यापूर्वी. जत्रा कमिटीची माणसं वाईट नसतात, पण सकाळी नारळ फुटला की खजिनदार सापडत नाही.

आता गाण्याचं. माझं एकच गाणं चाललं. रातची शेतीची लाईट आली म्हणून धनी बॅटरी घेऊन मळ्याकडं निघतो आणि कारभारीण दारात उभी राहून म्हणते, ‘लाईट आली म्हणतुयास, मग मोटार का रं वाजंना?’ एवढ्यावर मंडप फुटायचा. पण मंडप हसायला लागला की पुढची ओळ त्या हशात बुडून जाते. ती वाचवायची म्हणजे ढोलकीवाला पाहिजे. तो हात हलका करून बारीक लग्गी, म्हणजे ढोलकीचा जलद ठेका, चालू ठेवणार, हशा उतरायला लागला की एक थाप देणार, आणि त्या थापेवर मी तोंड उघडणार. झीलकऱ्यांनी, म्हणजे मागं सूर धरणाऱ्यांनी, मध्येच ‘जी जी रं जी’ ओढलं की सगळं पाण्यात. मोबाईलवर हे शिकायला मिळत नाही, तिथं हसणारा माणूस दिसतच नाही. पोराला म्हणावं, एक हंगाम एखाद्या फडात सोंगाड्याच्या मागं उभा राहा. आपल्या कवलापूरचे तमाशातले काळू-बाळू, दोघं जुळे भाऊ, एकमेकांच्या तोंडातला शब्द कसा उचलायचे ते ज्यांनी पाहिलंय त्यांना विचारा.

बोलीबद्दल एक सांगतो, जरा रागानं. हल्ली पोरं पुण्यात बसून ‘गावाकडची’ गाणी करतात. फाटका पटका, वाकडं तोंड, प्रत्येक वाक्यात ‘लई’. गाव त्याला हसत नाही, शहर हसतं. गाव हसतं ते आपली खोड बरोबर पकडली म्हणून. उसाचं बिल लांबलं, लाईटचा डीपी जळाला, पाव्हणा जेवायच्या वक्ताला आला. आणि दहिवडीला टाळी घेणारी ओळ तासगावात तशीच्या तशी म्हणू नये. आधी तिथल्या टपरीवर बसून दोन चहा होईस्तोवर कान उघडे ठेवावेत.

आता कागदाचं, कारण तिथं आम्ही नागवलो. कॅसेटच्या दिवसांत एका कंपनीनं एकरकमी पैसे हातावर ठेवून सही घेतली. गाणं बँडात वाजलं, लाऊडस्पीकरवर वाजलं, पुन्हा एक रुपया आला नाही. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा आता सहज लिहून घेता येत नाही. पोरगा शब्द आणि चाल स्वतः करत असेल तर दोन्हीकडं त्याचं नाव छापून घ्या आणि गाणं वाजल्याची रॉयल्टी गोळा करून देणाऱ्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचं सभासद करा. गावातल्या स्टुडिओवाल्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका, तो भावकीतला असला तरी.

नाव मिळेल का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार. पठ्ठे बापूराव वाळव्यातल्या रेठरे हरणाक्षचे. घर, जात सोडून फडात गेले, ढिगानं लावण्या रचल्या आणि १९४५ मध्ये पुण्यात हलाखीत गेले. वाईजवळच्या पसरणीचे शाहीर साबळे १९९८ मध्ये पद्मश्री झाले. दोघंही कृष्णाकाठचेच. माझ्यासारखे मधले असतात, ज्यांना कुणाच्या दहाव्याला गेलं तरी कोपऱ्यात घेऊन विचारतात, ‘अण्णा, ते लाईटचं म्हणता का हळूच?’

मुलगी कोण देणार म्हणता? मला दिली की! सासऱ्यांनी आधी सातबारा बघितला, मग गाणं ऐकलं, आणि गाण्याबद्दल आजतागायत काही बोलले नाहीत. तुमचं जे काही रान असेल ते साउंड सिस्टीम आणि गाडीपायी विकू देऊ नका. दोन्ही भाड्यानं मिळतात.