भट्टीवर आळ नको

प्रश्न: खिडकीच्या उरलेल्या काचेवर फ्यूझिंगच्या (भट्टीत वितळवून जोडायच्या) निळ्या काचेचे तुकडे वितळवले आणि साच्यावर बसवून वाडगा केला. भट्टीतून तो अखंड निघाला. चार दिवसांनी मात्र कपाटात नुसता ठेवलेला असताना निळ्या तुकड्यांच्या कडेकडेने तडकला. भट्टी लवकर उघडली म्हणून असं झालं का? पुढच्या वेळी सगळ्या काचा ‘९०’ लिहिलेल्या घेतल्या तर चालेल ना?

उत्तर: भट्टीवर आळ घेऊ नका. चीर कुठून गेली ते तुम्हीच लिहिलंय. भट्टी घाईने उघडल्याची चीर सहसा रंग बघत नाही, सरळ आरपार जाते. तुमची निळ्याची कड धरून गेली, म्हणजे दोन काचांचं जमलेलं नाही.

खिडकीची काच दर अंश सेल्सिअसला दहा लाखांत साधारण साडेआठ भाग प्रसरण पावते, फ्यूझिंगची काच ९ किंवा ९.६. फरक किरकोळ वाटतो. पण काच घट्ट झाल्यावरही तिला खोलीच्या तापमानापर्यंत साडेचारशे-पाचशे अंश उतरायचं असतं. त्या उतारात निळी जास्त आकसू पाहते आणि खालची तिला आकसू देत नाही. हा ताण आत अडकून राहतो आणि सवडीने बाहेर येतो. कितीही हळू थंड करा, तो जात नाही.

आता ते ‘९०’. त्या आकड्यावर लोकांचा फार विश्वास, माझा नाही. तो म्हणजे वरचंच ९, दहापट करून लिहिलेलं; साधारण ० ते ३०० अंशांमधलं प्रसरण सांगतो. काच घट्ट होते ती त्याच्या बरीच वर, पाचशेच्या आसपास. तिथे ती किती दाट आहे, म्हणजे किती सहज वाहते, यावरही सगळं ठरतं आणि ते आकड्यात नसतं. बुल्सआय ही काच बनवणारी कंपनी स्वतःच सांगते, की आकडा सारखा म्हणजे काचा जुळल्या असं नव्हे. म्हणून एकाच उत्पादकाच्या, एकमेकींशी तपासून विकलेल्या काचा घ्या. मिसळायच्याच असतील तर आधी चाचणी करा.

पारदर्शक काचेच्या पट्टीवर नखाएवढे रंगीत तुकडे ठेवा. एक तुकडा त्या पट्टीच्याच काचेचा हवा, तो विसरू नका. सगळं पूर्ण वितळवा, नीट ॲनिलिंग करा, म्हणजे ताण निघावा म्हणून सावकाश थंड करा. मग संगणकाचा एलसीडी पडदा पांढरा करून पट्टी त्याच्यापुढे धरा आणि पोलराइज्ड गॉगलची काच डोळ्यापुढे फिरवत पडदा काळा होईपर्यंत आणा. तुकड्याभोवती उजेडाचं कडं दिसलं तर ती जोडी बाद. स्वतःच्याच काचेच्या तुकड्याभोवतीही कडं दिसलं, तर ॲनिलिंग कमी पडलंय. मग बाकीच्या तुकड्यांबद्दल काहीच ठरवू नका, पट्टी पुन्हा भाजा.

प्रश्न: हिरव्या आणि तपकिरी बाटल्या एकत्र वितळवून ताट करता येईल का?

उत्तर: नको. दोन्ही सोडा-लाइम या नेहमीच्या प्रकारच्या काचेच्या असल्या तरी मिश्रण कारखान्यागणिक बदलतं. एकच बाटली साच्यावर बसवायची असेल तर खुशाल बसवा, तिथे जुळवायला दुसरी काच नाहीच. दोन रंग हवेतच असतील तर वरच्या चाचणीतून त्याच दोन बाटल्यांचे तुकडे काढा आणि उरलेल्या काचेवर खूण करून ठेवा. पुढच्या खेपेची हिरवी बाटली तशीच निघेल असं धरू नका.