न्यूक्लिओसाइड, न्यूक्लिओटाइड आणि ‘-एज’वाली तीन विकरं

प्रश्न असा आहे: न्यूक्लिओसाइड आणि न्यूक्लिओटाइड ही एकाच पदार्थाची दोन नावं आहेत का? आणि न्यूक्लिएज, न्यूक्लिओटिडेज, न्यूक्लिओसिडेज या तिन्हींना मराठीत सरसकट ‘केंद्रकाम्ल-विघटक विकर’ (म्हणजे डीएनए-आरएनए तोडणारं एन्झाइम) म्हटलं तर चालेल का?

दोन्हींचं उत्तर ‘नाही’.

अ‍ॅडेनिन हा नुसता बेस, म्हणजे डीएनए-आरएनएमधला नायट्रोजनयुक्त घटक. त्याला रायबोज ही साखर जोडली की अ‍ॅडेनोसिन होतं, हे न्यूक्लिओसाइड. त्या साखरेवर फॉस्फेट बसला की अ‍ॅडेनोसिन मोनोफॉस्फेट, म्हणजे एएमपी, हे न्यूक्लिओटाइड. जुन्या पुस्तकांतलं ‘अ‍ॅडेनिलिक आम्ल’ तेही हेच. तिघांचे रेणुभार अनुक्रमे सुमारे १३५, २६७ आणि ३४७. म्हणजे १०० मिलिलिटर १० मिलिमोलर द्रावणाला अ‍ॅडेनोसिन २६७ मिलिग्रॅम लागेल, तर एएमपी ३४७. त्यातही एएमपी बहुधा सोडियम क्षाराच्या रूपात मिळतं, त्यात पाण्याचे रेणूही असतात. त्यामुळे वजन करताना बाटलीवरचाच रेणुभार धरावा.

बेसवरून न्यूक्लिओसाइडचं नाव करण्याची रीत ठरलेली आहे. प्युरिन (दोन कड्यांचा बेस) असेल तर शेवट ‘-ओसिन’: अ‍ॅडेनोसिन, ग्वानोसिन. पिरिमिडिन (एका कड्याचा बेस) असेल तर ‘-इडिन’: सायटिडिन, युरिडिन, थायमिडिन. घोळ होतो तो सायटोसिनपाशी. कानाला ते अ‍ॅडेनोसिनच्या रांगेतलं वाटतं, पण तो नुसता बेस आहे. त्याचं न्यूक्लिओसाइड सायटिडिन. दुसरा अपवाद थायमिडिनचा: एरवी डीऑक्सिरायबोज असेल तर नावाआधी ‘डीऑक्सि’ लावतात, थायमिडिनमध्ये मात्र ती साखर न सांगता गृहीत असते.

आता विकरं. प्रत्येकाचा घाव वेगळ्या बंधावर पडतो. न्यूक्लिएज डीएनए किंवा आरएनएची साखळी तोडतं, म्हणजे शेजारच्या दोन साखरांना जोडणारा फॉस्फोडायएस्टर बंध. टोकाकडून तोडलं तर एक्झोन्यूक्लिएज, मधूनच तोडलं तर एंडोन्यूक्लिएज. न्यूक्लिओटिडेज साखळीला हात लावत नाही; सुट्या न्यूक्लिओटाइडवरचा फॉस्फेट काढतं आणि न्यूक्लिओसाइड उरतं. न्यूक्लिओसिडेज त्यापुढची पायरी: पाण्याच्या साहाय्याने बेस आणि साखर वेगळे करतं. माणसाच्या पेशीत प्युरिनच्या बाबतीत हे काम न्यूक्लिओसाइड फॉस्फोरिलेज करतं. ते पाण्याऐवजी फॉस्फेट वापरतं, म्हणून साखर रायबोज-१-फॉस्फेट होऊन सुटते.

ही शिडी एएमपीवर लावून पाहा. न्यूक्लिओटिडेजमुळे अ‍ॅडेनोसिन, अ‍ॅडेनोसिन डीअमिनेजमुळे इनोसिन, फॉस्फोरिलेजमुळे हायपोझँथिन, मग झँथिन ऑक्सिडेजमुळे झँथिन आणि शेवटी युरिक आम्ल. गाउटच्या रुग्णाला दिलं जाणारं अ‍ॅलोप्युरिनॉल शेवटचं विकर अडवतं. जन्मजात अ‍ॅडेनोसिन डीअमिनेज नसेल तर मूल प्रतिकारशक्तीच्या गंभीर अभावाने आजारी पडतं. एकच सरसकट शब्द वापरला तर यातली कुठली पायरी बंद आहे, हे मराठीत सांगताच येणार नाही. म्हणून माझं ठाम मत: ‘विकर’ हा शब्द चांगला आहे, तो वापरावा, पण विशेषनामांची शेपटं तशीच ठेवावीत.

न्यूक्लिएजच्या पोटातही भेद ठेवावाच लागतो. डीएनए तोडणाऱ्या डीएनेज-१ला मॅग्नेशियम, कॅल्शियमसारखे धातू-आयन लागतात, त्यामुळे ईडीटीए (धातू-आयन पकडून ठेवणारं रसायन) घातलं की ते थांबतं. आरएनए तोडणाऱ्या आरनेज-एला धातू लागत नाहीत. ईडीटीएचा त्याच्यावर उपयोग नाही, आणि चार डायसल्फाइड बंधांमुळे उकळल्यावरही ते थंड होताना पुन्हा घडी घालून कामाला लागतं. ‘न्यूक्लिएज निष्क्रिय करण्यासाठी ईडीटीए घाला’ असं मोघम लिहिलेली कृती पाळणाऱ्याचा आरएनए हातचा जातो. आरएनएसाठीचं पाणी ०.१ टक्का डीईपीसी (आरनेज निकामी करणारं रसायन) घालून रात्रभर ठेवतात आणि नंतर ऑटोक्लेव्ह करतात, म्हणजे दाबाच्या वाफेत तापवतात. ट्रिस बफरमध्ये (आम्लता स्थिर राखणाऱ्या एका द्रावणात) मात्र डीईपीसी घालू नये, कारण ट्रिसमधल्या अमाइनशी अभिक्रिया होऊन ते वाया जातं.

औषधांच्या वर्गीकरणातही ‘-साइड’ आणि ‘-टाइड’ अर्थ राखून असतात. अ‍ॅसायक्लोव्हिर न्यूक्लिओसाइडसारखं आहे: पेशीत शिरल्यावर पहिला फॉस्फेट नागिणीच्या विषाणूचं थायमिडिन कायनेज त्याला लावतं. म्हणूनच विषाणू नसलेल्या पेशीत ते फारसं सक्रिय होत नाही. एचआयव्हीवरचं टेनोफोव्हिर न्यूक्लिओटाइडसारखं आहे. त्यात फॉस्फेटसारखा गट आधीच आहे, म्हणून ती पहिली पायरी त्याला लागत नाही. पण त्या गटाच्या ऋण प्रभारामुळे आतड्यातून शोषण नीट होत नाही, म्हणून गोळीत प्रभार झाकलेलं रूप देतात.

लेखनाबद्दल एकच आग्रह. डीएनएतला बेस आणि जीवनसत्त्व ब-१ हे दोन्ही मराठीत सर्रास ‘थायमिन’ लिहिले जातात. बेसला ‘थायमिन’ आणि जीवनसत्त्वाला ‘थायामिन’ लिहावं. दुसऱ्यात गंधक आहे, पहिल्यात नाही.